‘पाहतो’ म्हणून ठेवून देऊ नका
(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील नोकऱ्या आणि आपली मुलं’ हा विषय दिला आहे. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं, असा त्यांचा समज असावा. खरं सांगायचं तर या विषयात मी एक मोठी चूक केली आहे. आधी ती सांगते, मग बाकीचं.

२०१८ ची गोष्ट. आपल्याच शाळेतल्या एका मुलाचा मला पुण्यात फोन आला. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मागे, बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला, वडील राईस मिलमध्ये हमाली करणारे. “मॅडम, बायोडाटा पाठवू का?” मी म्हटलं, “मॅडम नको, ताई म्हण. पाठव, पाहते.”

बायोडाटा आला. त्यात फोटो होता, धर्म होता, वडिलांचं नाव होता तसं पूर्ण, छंदांत ‘क्रिकेट पाहणे’ होतं. कॉलेजात त्याने काय बनवलं होतं, याबद्दल एक ओळ नव्हती. हा तसाच पुढे पाठवला तर कोणी उघडून बघणार नाही, हे मला लगेच कळलं. रविवारी बसून त्याला नीट सांगू, असं ठरवलं. तो रविवार आला नाही. त्याचे तीन मेसेज आले, “ताई, काही झालं का?” दोनदा मी उत्तर दिलं, “पाहते.” तिसऱ्याला दिलंच नाही.

पुढच्या दिवाळीत मी आरमोरीला आले. बाजारात त्याची आई भेटली. नागपुरात कोणीतरी ‘हमखास नोकरी’ म्हणून साठ हजार रुपये घेतले होते. छापील लेटरहेडवर ऑफर लेटरही दिलं होतं. मुलगा त्या पत्त्यावर गेला तर तिथे तशी कंपनीच नव्हती. पैसे धानाचे होते आणि थोडे व्याजाने काढलेले. ती माऊली माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुमी पायतो म्हनलं होतं ना बाई, म्हून तो थांबला होता.”

मी ‘नाही जमणार’ म्हटलं असतं तर तो दुसरीकडे गेला असता. ‘पाहते’ म्हटल्यामुळे त्याचे सात-आठ महिने गेले, आणि मग घाईघाईत तो भलत्याच माणसाच्या हाती लागला.

तेव्हा मला माझं स्वतःचं आठवलं. २००३ साली मी नागपुरातून इंजिनिअर झाले. डॉट कॉमचा फुगा फुटून दोन-तीन वर्षं झाली होती, आमच्या कॉलेजात मोजक्याच कंपन्या आल्या. पहिल्या दोन मुलाखतींत मी गप्प बसून परत आले. आमच्या वरच्या वर्गातला चंद्रपूरचा एक मुलगा तेव्हा नोकरीला लागला होता. त्याने मला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसवलं आणि म्हणाला, “तुझा प्रोजेक्ट मला मराठीत समजावून सांग.” मी सांगितला. मग म्हणाला, “आता तेच इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल.” असं त्याने माझ्याकडून चार संध्याकाळी करून घेतलं. तिसऱ्या मुलाखतीत माझी निवड झाली. त्याने माझ्यासाठी कुठे शब्द टाकला नव्हता. फक्त चार संध्याकाळी दिल्या होत्या.

आपल्या मुलांना नेमकं हेच मिळत नाही. हुशारी कमी आहे, असं मला कधीच वाटलं नाही. इथे बसलेल्या गणिताच्या सरांनी एक पायरी सुटली की गुण कापले, उत्तर बरोबर असलं तरी. मुलाखतीतही हेच असतं. समोरच्याला उत्तरापेक्षा पायऱ्या बघायच्या असतात. ती सवय आपल्याला इथेच लागली आहे. पण पुण्या-मुंबईच्या मुलाच्या घरात, शेजारी, नात्यात कोणीतरी आयटीत असतो. तो जेवताना सहज सांगतो की परीक्षा कशी असते, काय विचारतात. आरमोरीच्या मुलाला हे विचारायला माणूस नसतो.

म्हणून थोडी माहिती देते. स्मरणिकेत हे छापलं जाणार आहे, तेव्हा मुलांना वाचायला द्या.

पहिली गोष्ट गुणांची. अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के मागतात. म्हणजे इथे दहावीत बसलेल्या मुलाच्या नोकरीचा एक दरवाजा आजच उघडतो किंवा बंद होतो. शिक्षकांनो, हे नववीतच सांगा. ज्यांचे कमी आहेत त्यांनी खचू नये. लहान कंपन्या टक्के कमी आणि काम जास्त बघतात.

दुसरी गोष्ट, कंपनी कॉलेजात आली नाही म्हणून दार बंद नसतं. टीसीएसच्या नॅशनल क्वालिफायर टेस्टसारख्या परीक्षांना मुलं स्वतः अर्ज करू शकतात. त्यात गणित, तर्क, इंग्रजी आणि प्रोग्रॅमिंग असतं. बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्यांसाठी विप्रोची नोकरी करता करता एम.टेक. करण्याची योजना आहे. तिचा करार लांब मुदतीचा असतो, तो वाचूनच सही करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवी-पदविकाधारकांना वर्षभराची अप्रेंटिसशिप विद्यावेतनासह मिळते. ‘स्वयम’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. आणि आता पुण्यालाच जायला हवं असंही नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत.

तिसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची, कारण सगळे तीच विचारतात. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं. मी नवीन असताना पहिलं वर्ष ज्या कामात काढलं, म्हणजे चाचण्या लिहिणं, छोट्या दुरुस्त्या करणं, त्यातलं बरंच आज यंत्र करतं. नवीन मुलांसाठी वाट अवघड झाली आहे, हे मी लपवणार नाही. पण यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे की चूक, हे सांगणारा माणूस लागतोच. मी मुलाखत घेते तेव्हा आता विचारते, “हे चालतं, पण का चालतं?” पाठ केलेला मुलगा तिथे अडतो. स्वतः काहीतरी बनवलेला अडत नाही. मग ते बनवलेलं वडिलांच्या धान-खरेदीच्या हिशेबाचं साधं अ‍ॅप असलं तरी चालेल. उलट तेच मला जास्त आवडेल.

चौथी गोष्ट पैशाची. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. अनामत म्हणून नाही, लॅपटॉपसाठी नाही, ‘फाईल पुढे सरकवायला’ तर नाहीच. हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आता आपलं काम. आपल्यातले सगळे आयटीत नाहीत, पण प्रत्येकाकडे देण्यासारखं काहीतरी आहे. परीक्षेचं केंद्र नागपूरला असतं आणि सकाळी लवकर हजर राहावं लागतं. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की ब्रह्मपुरीचा रस्ता बंद. म्हणजे मुलाला आदल्या दिवशी निघावं लागतं. नागपुरात ज्यांची घरं आहेत त्यांनी एका रात्रीची झोपायची जागा दिली, तर ती मोठी मदत आहे. जे तहसील किंवा बँकेत आहेत त्यांनी मुलांची कागदपत्रं एकदा डोळ्यांखालून घालावी. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, एवढ्यावरून नोकरी लागल्यावरही पडताळणी अडकते. ज्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे त्यांनी सरावासाठी संध्याकाळचा एक तास मशीन द्यावं.

आणि आम्ही आयटीवाले. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात नवा नट कसा येतो? मंडळीतला कोणीतरी म्हणतो, “पोरगं गाते बरं, एकदा ऐकून पाहा.” एवढंच. पुढे गळा त्याचा त्यालाच दाखवावा लागतो. कंपनीतलं रेफरल तसंच असतं. त्याने नोकरी लागत नाही, पण हजारो अर्जांच्या ढिगातून बायोडाटा वर येऊन कोणीतरी वाचतं. अनेक कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बक्षीसही मिळतं, त्यामुळे आपण काही उपकार करत नाही. मात्र बायोडाटा आधी स्वतः वाचा, सुधारून घ्या, मगच पाठवा.

त्या दिवाळीनंतर मी स्वतःला तीन नियम घातले. मेसेजला दोन दिवसांत उत्तर. जमणार नसेल तर स्पष्ट नाही. आणि हो म्हटलं तर त्या मुलासोबत निदान चार रविवार, एकेक तास, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. सगळ्यांना नोकरी लागली असं नाही. काहींना लागली, काही अजून धडपडत आहेत. पण आता माझ्या भरवशावर कोणी ताटकळत नाही.

तो मुलगा? त्याच संध्याकाळी मी फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला. मी माफी मागितली, तो म्हणाला, “जाऊ द्या ताई.” आज तो दुसऱ्या तालुक्यात सेवा केंद्र चालवतो, लोकांचे दाखले काढून देतो. घरचं कर्ज फेडलं त्याने. मी त्याला सॉफ्टवेअरमध्ये आणू शकले नाही. तेव्हा आणू शकले असते का, हे मला आता कधीच कळणार नाही.

मंडपाच्या दाराशी मी एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी त्यात आपलं नाव, फोन नंबर आणि काय देऊ शकता ते लिहा. रविवारचा एक तास, नागपुरातली एक रात्र, एक कॉम्प्युटर, काहीही. वही शाळेच्या कार्यालयात राहील, मुलं तिथून बघतील. ‘नोकरी लावून देतो’ असं कोणी लिहू नका, ते आपल्या हातात नाही. जमणार नसेल तर लिहूच नका, त्यातही कमीपणा नाही. फक्त ‘पाहतो’ असं लिहू नका.