मोटारीतल्या रेडिओची खरखर



वसंतातल्या संध्याकाळी आपण इतिहास आणि साहित्य ऐकायला येता. अशा सभेत मोटारीतल्या रेडिओच्या खरखरीवर बोलायचे म्हणजे मंगलाष्टके चालू असता मिठाचा हिशेब काढण्यासारखे आहे. पण मिठावाचून पंगत अडते, हेही खरे.

1994 सालच्या पावसाळ्यात आम्ही अमरावतीहून अकोल्यास निघालो होतो. मागच्या बैठकीवर आमची आजारी आई होती. अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. बडनेरा, मूर्तिजापूर मागे पडले आणि एका नाल्यापाशी गाड्यांची रांग थांबली. पुलावरून पाणी चालले होते. आमच्या जुन्या अॅम्बॅसिडरमध्ये रेडिओ होता. नागपूर केंद्राच्या बातम्यांत पुराविषयी काही सांगत होते, पण 'अकोला मार्गावर' एवढे शब्द कानी आले आणि पुढचे सारे खरखरीत बुडाले. अंदाजाने आम्ही गाडी परत वळवली. तासाभरात पूल मोकळा झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. आई पुढे बरी झाली, पण ती रात्र तिने कण्हत काढली. आणि गंमत नव्हे, दुःख असे की आमचे इंजिन तेवढा वेळ चालूच होते. किल्ली फिरवून ते बंद केले असते, तर बातमी स्वच्छ ऐकू आली असती!

पुढे एका दुकानदाराने रेडिओच बदलायला लावला. पैसे गेले, खरखर राहिली. अखेर एका म्हाताऱ्या मिस्त्र्याने विचारले, "भाऊ, इंजिन बंद केल्यावर आवाज जाते का? आधी ते पाहा, मंग बोलू." या एका प्रश्नात सारे निदानशास्त्र आहे.

पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. ठिणगीतून विद्युत्‌लहरी निघतात, हे हर्ट्‌झने 1887-88 मध्ये जर्मनीत दाखवले. म्हणजे इंजिन हे एक लहानसे, बेशिस्त प्रक्षेपण केंद्रच होय. 1948 साली सुरू झालेले नागपूर केंद्र अमरावतीहून सुमारे 150 किलोमीटर दूर, आणि हे केंद्र आपल्या पुढ्यात! जवळच्याचा आरडाओरडा दूरच्याचे बोलणे बुडवणारच.

तेव्हा गाडी उभी करून क्रमाने पाहावे. इंजिन बंद केल्यावरही खरखर राहिली, तर दोष बाहेरचा: विजेच्या तारा, ढगांचा कडकडाट, किंवा केंद्राचे अंतर. इंजिनच्या वेगाबरोबर टकटक वाढली, तर ठिणगीचा दोष. वेगाबरोबर शिट्टीसारखा सूर चढला, तर डायनामो वा अल्टरनेटर. गाडी खड्ड्यात आदळली की आवाज तुटत असेल, तर कुठे तरी जोड सैल आहे. 2022 च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पण रस्ता गुळगुळीत झाल्याने सैल जोड बरा होत नाही, फक्त लपतो.

नंतर एरियलची पिन काढून पाहावी. खरखर थांबली तर ती एरियलमधून येते; न थांबली तर बॅटरीच्या तारेतून. आमच्या गाडीत ती थांबली. एरियलच्या बुडाशी गंज चढून तारेच्या जाळीचा बॉडीशी संबंध तुटला होता. गंज खरवडला, पेच आवळला, आणि रेडिओ बोलू लागला!

इतर दोषांवर प्लगच्या तारा विरोध असलेल्या घ्याव्यात. कंडेन्सर बसवायचा तो इग्निशन कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला, किंवा डायनामोच्या मुख्य टोकाला; फील्डच्या टोकाला कधीच नाही, तेथे तो रेग्युलेटरला घातक ठरतो.

आज अकोला केंद्र 102.4 मेगाहर्ट्‌झवर एफएमने ऐकू येते. एफएमला ठिणगीचा त्रास कमी, पण त्याची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. अंतर वाढले की ती विरते. मध्यम लहरी मात्र रात्री आकाशातून परावर्तित होऊन दूरवर पोचतात, आणि म्हणून रात्री परकी केंद्रेही आपल्या केंद्रात मिसळतात. हा रेडिओचा दोष नव्हे. ठिणगीच्या जागी आता मोबाइलचे चार्जर आणि एलईडीचे दिवे आले आहेत. त्यांची परीक्षा सोपी: एकेक काढून पाहावे.

सज्जनहो, रोग न ओळखता औषध बदलत राहणे महाग पडते. आम्ही रेडिओ बदलला, दोष होता एका गंजलेल्या पेचात. घरातल्या आणि गावातल्या कित्येक खरखरींचे असेच असते. तेव्हा आधी इंजिन बंद करून ऐकावे, मग बोलावे.