इंजिन आधी की कागद आधी?



माझ्याकडे १९६८ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का? आतल्या विलीज हरिकेन इंजिनासाठी. चार सिलिंडर, २.२ लिटर, पेट्रोल. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच. नवीन लेफ्टनंट असताना मी अशीच जीप चालवली होती.

पण मी ही घेतली तेव्हा बॉनेटखाली डिझेल इंजिन होतं. पेट्रोल परवडेना म्हणून कुणीतरी बसवलेलं. बायको म्हणाली, "अहो, चालतेय ना? मग कशाला उठाठेव?" तिचंही बरोबर होतं. पण २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही.

मग शोध सुरू झाला. दिल्लीची मायापुरी, मुंबईत कुर्ला, चेन्नईत पुदुपेट. महिने गेले. शेवटी एका बाजारात हरिकेन मिळालं. किंमत माझ्या अंदाजाच्या निम्मी. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथे हात फिरवला. जागा गुळगुळीत, घासलेली. दुकानदार हसून म्हणाला, "साब, जो नंबर चाहिए, मार देंगे."

खोटं कशाला सांगू, मी खिशात हात घातला होता. एवढे महिने हिंडलो होतो. पण ते इंजिन कुणाच्या चोरीला गेलेल्या जीपचं असेल, तर आरटीओच्या अर्जावर सही माझी असणार होती. रिकाम्या हाताने परत आलो.

परतीच्या गाडीत एक साधी गोष्ट सुचली. माझ्या जीपमधून पेट्रोल इंजिन निघालं, तसं हजारो जीपमधून निघालं. ती सगळीच काही भंगारात गेली नसणार. मग मी बाजार सोडला आणि जुन्या जीपमालकांना, गावोगावच्या मिस्त्र्यांना विचारू लागलो. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे, पोत्यांखाली इंजिन सापडलं. नंबर स्पष्ट. वडिलांच्या नावाचं आरसी बुक त्यांनी ट्रंकेतून काढलं, नंबर जुळला. जीपवर डिझेलची नोंद झाल्याचा शिक्काही होता.

तरी घाई केली नाही. हेड उघडून ब्लॉकला तडा नाही ना ते पाहिलं, सिलिंडरचं माप घेतलं, क्रँक हाताने फिरवून बघितला. विक्रीचा लेखी करार केला. मग आरटीओची मंजुरी, आणि नवा नंबर माझ्या आरसीवर.

तुम्हीही अशा शोधात असाल तर एवढंच सांगतो: आधी नंबर, मग कागद, मग ब्लॉक, आणि किंमत सगळ्यात शेवटी. मी हा क्रम उलटा लावला होता, म्हणून फसता फसता वाचलो.

परवा जीप सुरू केली. बायको शेजारी बसली आणि म्हणाली, "आवाज वेगळा आहे हो."

जय हिंद.