गडी कोणी निवडावे?



लहानपणी हुतुतूचा किंवा आट्यापाट्यांचा डाव मांडण्यापूर्वी गडी वाटून घेण्याचा जो विधी होत असे, तो आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. दोन म्होरके पुढे येत आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेत. ज्याचे नाव पहिल्याने निघे तो छाती काढून उभा राही. आणि जो शेवटी उरे, त्याला "हा तुम्हांलाच असू द्या" असे म्हणून कोणीतरी नाइलाजाने पदरात घेई. त्या उरलेल्या मुलाच्या मनात एकच विचार घोळत असे: मला मागे ठेवले ते माझे पाय मंद म्हणून, की मी म्होरक्याच्या आळीतला नव्हे म्हणून? ह्याच प्रश्नाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

जगात जेथे जेथे खेळ मोठा झाला, तेथे तेथे वर्षाकाठी निवडक खेळाडूंचा एखादा मेळा भरविण्याची हौसही उत्पन्न झाली. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलचेच पाहा. नावाने तो फुटबॉल खरा, परंतु त्यातील चेंडू लांबोळा असतो आणि गडी तो बहुधा हातांत घेऊनच धावतात. ह्या खेळातील निवडक वीरांचा 'प्रो बोल' नावाचा सामना जानेवारी १९५१ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झाला. १९९५ पासून प्रेक्षकांनाही ह्या निवडीत मत मिळाले. प्रेक्षक, खेळाडू आणि शिक्षक ह्या तिघांच्या मतांना सारखे वजन देऊन गडी ठरविण्याची ती रीत दिसावयास न्याय्य आहे. परंतु मत पडते ते नावावर, आणि नाव झालेला गडी उतरणीला लागला तरी लोकांची प्रीती लगेच आटत नाही. शिवाय ह्या मानाच्या सामन्यात हातपाय मोडून घेण्यास कोण तयार होणार? खेळ इतका मिळमिळीत होऊ लागला की २०२२ नंतर अंगावर धावून जाण्याचा तो सामनाच बंद झाला. त्याच्या जागी २०२३ पासून कमरेच्या पट्ट्या ओढण्याचा सौम्य खेळ आणि कौशल्याच्या चढाओढी सुरू झाल्या.

आपल्याकडे निवडीचा प्रश्न इतका सौम्य नव्हता. मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत संघच मुळी धर्माच्या नावाने उभे राहत. हिंदूंच्या संघात पाळवणकर बाळू हे डावखुरे गोलंदाज होते. १९११ मध्ये हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हा त्या एका दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. परंतु बाळू चर्मकार समाजात जन्मले होते. पुण्यात त्यांनी टाकलेला चेंडू झेलावयास कोणाची हरकत नसे. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात निराळा चहा मिळे. संघाचे कर्णधारपद अखेरपर्यंत त्यांच्या नावे झाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना ते मिळाले, तेही १९२३ मध्ये, पुष्कळ वादंगानंतर. तेव्हा निवडणाऱ्याच्या मनात जे असते ते निवडीत उतरते, मग ते प्रेम असो वा विटाळ असो.

ह्या मनाच्या कारभारातून सुटका करून घेण्याचा एखादा मार्ग आहे काय? आहे, आणि त्यासाठी आपल्या वऱ्हाडातीलच एक उदाहरण पुरेसे आहे.

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे खरे, परंतु आगगाडी गावात येत नाही. मलकापुरास उतरून घाट चढावा लागतो. ह्या जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांना लोणारचे सरोवर, जिजाऊंचे सिंदखेड किंवा शेगावची वारी आठवते. धनुष्यबाण कोणाला आठवत नसे. ह्याच बुलढाण्याचा प्रथमेश जावकर हा तरुण मे २०२३ मध्ये चीनमधील शांघाय येथे विश्वचषकाच्या एका फेरीच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर जगातील पहिल्या क्रमांकाचा डच तिरंदाज माइक श्लोसर होता. प्रथमेशने १४९ गुण केले, श्लोसरने १४८.

तिरंदाजीच्या विश्वचषकाची रचना मोठी मनोवेधक आहे. वर्षभरात निरनिराळ्या देशांत चार फेऱ्या होतात आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक प्रकारातील केवळ आठ तिरंदाजांचा मेळा भरतो. ह्या आठांना कोणी मत देत नाही. फेरी जिंकणाऱ्याला जागा मिळते. उरलेल्या जागा वर्षभरात साठविलेल्या गुणांवरून आणि यजमान देशाचा मान राखून भरतात. एका देशाने साऱ्या जागा अडवू नयेत म्हणून संख्येला मर्यादा असते. नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जगज्जेता झाला. परंतु जगज्जेतेपदाच्या बळावरही ह्या पंगतीत पान मांडले जात नाही. येथे चार फेऱ्यांचाच हिशेब चालतो.

आणि हा हिशेब किती बारीक असतो तेही ऐका. कप्पीच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात लक्ष्य पन्नास मीटरांवर असते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या आमटीच्या वाटीएवढे. एका सामन्यात पंधरा बाण सोडावयाचे आणि प्रत्येक बाणास वीस सेकंद. मेक्सिकोतील हेर्मोसियो येथे सप्टेंबर २०२३ मध्ये हा आठांचा मेळा भरला, तेव्हा उपांत्य सामन्यात श्लोसर पुन्हा समोर आला. त्याने १४९ गुण केले. प्रथमेशचे पंधराच्या पंधरा बाण त्या वाटीत पडले: दीडशेपैकी दीडशे! अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी १४८–१४८ अशी बरोबरी झाली. मग दोघांना एकेक बाण मिळाला. दोघांनीही दहा गुण घेतले. शेवटी कोणाचा बाण मध्यबिंदूच्या अधिक जवळ आहे हे पाहण्यात आले, आणि प्रथमेशला रौप्यपदक मिळाले. हार झाली खरी. परंतु ती कोणाच्या मर्जीने झाली नाही, अंतर मोजून झाली. अशा हारीचा सल मनात राहिला तरी विष राहत नाही. पुढच्याच महिन्यात हांगचौच्या आशियाई क्रीडासामन्यांत अभिषेक वर्मा, ओजस आणि प्रथमेश ह्या त्रयीने दक्षिण कोरियाला २३५–२३० असे हरवून सांघिक सुवर्णपदक आणले.

तर मग माप हाच पूर्ण न्याय, असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. माप निःपक्षपाती असते ते मापापर्यंत पोचलेल्यांपुरते. कप्पीच्या धनुष्याचा सारा सरंजाम लाखांच्या घरात जातो. पन्नास मीटरांचे मोकळे, निर्धोक मैदान हवे, शिकविणारा हवा, आणि परीक्षेच्या वर्षी मुलाला मैदानावर जाऊ देणारे आईबापही हवेत. जे मूल लक्ष्यासमोर कधी उभेच राहिले नाही, त्याची निवड कोणत्याही समितीने नाकारलेली नसते, तरी ते वगळलेलेच असते. बाळूंच्या काळी दार मंडपाशी अडविले जाई. आज ते पुष्कळदा घराच्या उंबरठ्याशीच अडते, आणि अडविणारा कोणी दिसतही नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कप्पीच्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच ठेवण्यात आली आहे, आणि योग असा की कमरेच्या पट्ट्यांचा तो अमेरिकन फुटबॉलही तेथे प्रथमच येत आहे. तेव्हा आपण मोठ्या उत्सुकतेने कोणाकोणाची निवड झाली ते पाहू, आणि एखाद्याचे नाव गळाले तर निवड करणारांना बोल लावू. तो आपला हक्कच आहे. परंतु त्यापूर्वी एक काम आपल्या हातचे आहे. संध्याकाळी आपल्याच आळीत गडी वाटले जात असतील, तेथे क्षणभर थांबावे आणि शेवटी कोण उरतो ते पाहावे. त्याच्या हाती एकदा तरी धनुष्य द्यावे. पुढे वाटीएवढे वर्तुळ काय तो निवाडा करील.