दत्तकाचा खर्च कुणाचा?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘दत्तकविधान : कायदा आणि समाज’. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे, पैशावर. कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर ज्यांनी मला ऐकलंय, त्यांना मी शेवटी कुठं पोचणार ते ठाऊक आहे. त्यांनी आत्ता निघालं तरी चालेल. (हशा)

१९५६ चा हिंदू दत्तक कायदा, १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे निकाल, २०१५ चा बाल न्याय कायदा, हे सगळं याच मंडपात सांगून झालंय, त्यामुळे मी पुढे जातो. तुमच्याजवळ एवढंच असू द्या : आज अनाथ, टाकलेलं किंवा आईनं सोपवलेलं मूल दत्तक घ्यायचं तर नोंदणी केंद्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर करायची. मग गृहभेट, प्रतीक्षा, मूल दाखवणं, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश.

आता दर. हो, मी मुद्दामच ‘दर’ म्हणतोय. नोंदणी आणि गृहभेट अहवालाचे ६,००० रुपये. संस्थेला द्यायचा बालसंगोपन निधी २०१७ च्या नियमावलीत ४०,००० होता, २०२२ पासून ५०,००० झाला. नंतरच्या दोन वर्षांत चार पाहणीभेटी, प्रत्येकी २,०००. बेरीज करा, ६४,०००. आणि तेच मूल परदेशी चाललं असेल तर निधी ५,००० डॉलर. दूध तेच, आया त्याच, लसी त्याच. मूल कोणत्या विमानतळावर उतरणार, यावर त्याच्या दुधाचा भाव कसा ठरतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पैशाचा आणि मुलाचा संबंध आजचा नाही. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. थोडक्यात सांगतो. (अध्यक्ष हसतायत. त्यांना माझं ‘थोडक्यात’ माहीत आहे.) हरिश्चंद्र राजानं पुत्रासाठी वरुणाला नवस केला की मुलगा झाला तर तुलाच बळी देईन. मुलगा झाला, रोहित. बाप आज-उद्या करत राहिला, आणि मुलगा कळता झाल्यावर रानात पळाला. तिथं त्याला उपाशी कुटुंबाचा धनी अजीगर्त भेटला, तीन मुलांचा बाप. रोहितानं शंभर गाई देऊ केल्या, एक मुलगा माझ्या बदली द्या. बाप थोरल्याला सोडेना, आई धाकट्याला सोडेना. राहिला मधला, तो शुनःशेप. इथं मधले किती बसलेत? (हशा)

पुढं ऐका. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना. बाप म्हणाला, आणखी शंभर गाई द्या, मी बांधतो. मारायला कुणी धजेना. बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, आणि सुरी परजत आला. पोरानं देवांची प्रार्थना केली, एकेक पाश सुटला. तो उठून विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. आणि आता हा बाप म्हणतो, माझा मुलगा मला परत द्या! शुनःशेपानं त्याला त्या तीनशे गाईंची आठवण करून दिली आणि तो विश्वामित्राचाच झाला. विश्वामित्राचे एकशे एक मुलगे, त्यांतल्या थोरल्या पन्नासांनी या नव्या भावाला थोरला मानायला नकार दिला. विश्वामित्रानं त्यांना शाप दिला, पण याला दूर केलं नाही. त्यानं घेतलेल्या मुलाबद्दल कुणाला एक गाय दिली नाही, जी काही किंमत मोजली ती घरात मोजली.

मनूनं सांगितलेल्या बारा पुत्रांत ‘क्रीत’, म्हणजे विकत घेतलेला, हाही एक. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक, एवढेच ठेवले. खरेदीचं खातं त्यांनीच बंद केलं. पुढे संस्थानिकाच्या, इनामदाराच्या घरात दत्तक मंजूर करून घ्यायला सरकारात नजराणा भरावा लागे. म्हणजे मूल फुकट, शिक्का महाग. साताऱ्याचं आणि झाशीचं सांगायला लागलो तर रात्र होईल.

आता आमच्या व्यवसायातलं एक. एसटीतला वाहक आणि त्याची बायको माझ्याकडे आले. शहरातल्या एका नर्सिंग होममधली बाई त्यांना म्हणाली होती, तीन लाख द्या, बाळाच्या जन्मदाखल्यावर थेट तुमचीच नावं टाकून देतो, कोर्ट नाही, कचेरी नाही. नवऱ्यानं भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायचा अर्जसुद्धा भरून आणला होता. मी कलमं सांगितली. कलम ८० : प्रक्रिया डावलून मूल घेतलं-दिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड किंवा दोन्ही. कलम ८१ : मूल विकणं-विकत घेणं, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, विकणारा रुग्णालयाचा माणूस असेल तर किमान तीन, कमाल सात. नवरा गप्प झाला. बाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, “वकीलसाहेब, तिकडं तीन लाख आणि इकडं पन्नास हजार. पैसे दोन्हीकडं मूल देणाऱ्यालाच द्यायचे ना? मग फरक पावतीचाच का?”

मी म्हटलं, वहिनी, फरक मोठा आहे. इकडे बालकल्याण समिती आहे, जन्मदात्या आईला फेरविचाराला दोन महिने आहेत, दर ठरलेला आहे, लिलाव नाही. सगळं खरं. त्यांनी पोर्टलवर नोंदणी केली, काही वर्षांनी मुलगी घरी आली, आता शाळेत जाते. पण त्या बाईंचा प्रश्न वकिली उत्तरानं मिटत नाही, आणि आजचं माझं म्हणणं त्यातूनच निघालंय.

म्हणणं असं : मूल घेणाऱ्याच्या खिशातला रुपया मूल देणाऱ्या संस्थेच्या गल्ल्यात पडता कामा नये. पावतीसह नाही आणि पावतीशिवाय तर नाहीच. संगोपनाचा पूर्ण खर्च सरकारनं द्यावा, आणि मूल दत्तक गेलं म्हणून नव्हे, मूल सांभाळलं म्हणून द्यावा.

पहिल्या रांगेत आपल्या शिशुगृहाच्या ताई बसल्यात. ताई, रागावू नका, बोट तुमच्याकडे नाही. तीन पाळ्यांच्या आया, दुधाचे डबे, रात्री-अपरात्रीचा डॉक्टर, पन्नास हजारांत एक बाळ सात-आठ महिने सांभाळून दाखवा असं कुणी म्हटलं तर तुम्हीच त्याला हाकलाल. अनुदान सगळ्यांना नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या पायऱ्या झिजतात. म्हणूनच म्हणतो. गुटगुटीत तान्हं बाळ गेलं की निधी येतो. पण नऊ वर्षांची मुलगी, हृदयाला छिद्र असलेला मुलगा, एकत्रच राहू पाहणारी तीन भावंडं, ही वर्षानुवर्षं संस्थेतच राहतात. यांचा खर्च सगळ्यात जास्त आणि यांच्यापोटी निधी सगळ्यात उशिरा, बहुधा कधीच नाही. चांगल्या संस्थेलासुद्धा आपण नको त्या दिशेला ढकलतो. वाईट संस्था काय करते ते पुण्यातल्या एका प्रकरणात आपण पाहिलंय, ते उच्च न्यायालयातून सीबीआयपर्यंत गेलं होतं.

१९९३ चा हेग करार, जो भारतानं २००३ मध्ये स्वीकारला, तो आंतरदेशीय दत्तकातून गैरवाजवी आर्थिक लाभ घेऊ नये म्हणतो. खर्च आणि वाजवी फी घ्यायला मात्र मुभा देतो. ही ‘वाजवी’ची फट. अमेरिकेतल्या काही खासगी संस्थांत मुलाच्या वर्णाप्रमाणे फी बदलत होती, हे २०१३ मध्ये तिथल्याच सार्वजनिक रेडिओनं सांगितलं. दर आला की दर्जा येतो आणि दर्जा आला की घासाघीस येते.

मागून आवाज आला, “फुकटची किंमत राहत नाही.” साहेब, आपली मुलं आपण सरकारला किती निधी भरून आणली? (हशा, टाळ्या) सिझेरियनचं बिल भरलंत, ते डॉक्टरला. मुलाच्या मालकाला नव्हे, कारण मुलाला मालक नसतो. आणि तीस हजारांच्या वर जोडपी यादीत थांबलीत, मोकळी मुलं त्यांच्या मानानं मूठभर, २०२४-२५ मध्ये देशभर ४,५१५ दत्तकं झाली. तीन-तीन वर्षं ताटकळणाऱ्याला मुलाची किंमत शिकवायला पन्नास हजारांची पावती कशाला हवी?

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ उलटून बघतो... ‘दोन’ केलंय. (हशा) मग जन्मदात्या आईचे ते दोन महिने राहिले. एका वाक्यात सांगतो. तिच्या हातात पैसे ठेवले तर विक्री होते, म्हणून कायदा तिला काही देत नाही, ते बरोबरच. पण त्या दोन महिन्यांत तिला छप्पर, औषध आणि मूल ठेवायचं ठरवलं तर काम मिळावं, आणि त्याचा खर्च सरकारच्या खात्यावर पहिला पडावा. याच महाराष्ट्रात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ मध्ये पंढरपूरला बालकाश्रम उभा राहिला. त्यांच्यामागे तिजोरी नव्हती. आपल्यामागे आहे.

तेव्हा दोन विनंत्या. निवेदन दाराशी ठेवलंय, बालसंगोपन निधी पालकांकडून घेणं बंद करून तो सरकारनं भरावा, अशी मागणी आहे. पटत असेल तरच सही करा. आणि दवाखान्यात मूल मिळतं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला भाव विचारू नका. १०९८ ला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे.