घराखालची पोकळी कोणाची?

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत ओहायो राज्यांत स्थायिक झाला आहे. तेथें त्यानें घर घेतलें. कांहीं महिन्यांपूर्वीं त्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें मोठ्या गमतीनें लिहिलें होतें, "गुरुजी, माझ्या घराखालीं शेंकडों फूट खोल खडकांत एका कंपनीनें वायु भरून ठेवला आहे आणि त्याबद्दल वर्षाचें भाडें म्हणून मला अवघ्या दोन डॉलरांचा चेक आला आहे. फाडून टाकावा म्हणतों." मीं उलट टपालीं कळविलें, "फाडूं नकोस आणि वटवूंही नकोस. आधीं मूळ कागद वाच." असें कां लिहिलें, तेंच आज सांगणार आहें. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें त्या देशांत घरें घेऊन राहिलीं आहेत.

सांगलीजवळच्या हरिपुरास हळद सांठविण्याचीं पेवें आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. पेव ज्याच्या जमिनींत, त्याला विचारल्यावांचून त्यांत दुसऱ्यानें हळद भरूं नये, हें सांगावयास वकील लागत नाहीं. अमेरिकेंतील हीं वायूचीं पेवें बहुतेक निसर्गानेंच केलेलीं आहेत. भूगर्भांतील नैसर्गिक वायु काढून संपला, कीं खडकांतील सूक्ष्म छिद्रें रिकामीं होतात. त्यांतच दूरचा वायु नळानें आणून दाबानें भरतात. उन्हाळ्यांत मागणी थोडी, तेव्हां भरावयाचा. थंडींत घरें ऊबदार ठेवण्यास हवा, तेव्हां काढावयाचा. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत १९१५ सालीं हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यांत बफेलो शहराजवळ अमेरिकेंतील पहिला सांठा झाला. आज त्या देशांत असे सुमारें ४०० सांठे आहेत. कित्येकांचा पसारा हजारों एकरांचा असतो. वर मात्र शेतें, शाळा आणि घरें.

आतां प्रश्न असा, कीं या पोकळीचें भाडें द्यावयाचें कीं नाहीं? केंटकी राज्यांत सुमारें १५,००० एकरांचा एक सांठा होता. त्याच्या हद्दींत हॅमंड्स नांवाच्या बाईंची ५४ एकर जमीन होती. कंपनीनें त्यांच्याकडून पट्टा घेतला नव्हता. बाईंनीं जागा वापरल्याबद्दल कोर्टांत पैसे मागितले. १९३४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला तो चमत्कारिकच. नैसर्गिक वायु हा वन्य पशूसारखा आहे. पकडलेला पशु पुन्हा रानांत सोडला, कीं त्यावरची मालकी संपते. तसाच वायु भूगर्भांत सोडतांच तो कंपनीचा उरला नाहीं. मग बाईंच्या जमिनीखालीं कंपनीची वस्तूच नाहीं, तर भाडें कशाचें? बाई हरल्या. परंतु हा निकाल कंपनीसही पचण्याजोगा नव्हता. वायु जर कोणाचाच नाहीं, तर बाईंनीं आपल्या जमिनींत विहीर खणून तो उपसला असता, तर अडविणार कोण?

अर्थात् हा तर्क टिकला नाहीं. टेक्ससच्या न्यायालयानें तो १९६२ सालीं नाकारला. खुद्द केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९८७ सालीं ठरविलें, कीं ज्या सांठ्याच्या सीमा निश्चित आहेत, त्यांत भरलेला वायु भरणाऱ्याच्याच मालकीचा राहतो. पण वस्तु माझी म्हटली, कीं ती ठेवलेल्या जागेचा मोबदलाही माझ्यावर आलाच. मालकी ठेवावी आणि भाडें चुकवावें, हें दोन्ही साधत नाहीं.

भाडें मिळावें कोणास, हा दुसरा वाद. त्या देशांत वरची जमीन एकाची आणि खालचीं खनिजें दुसऱ्याची, असें पुष्कळदां असतें. केंटकींत १९५२ सालीं खनिजांच्या मालकास भाडें मिळालें. ओक्लाहोमांतील एका खटल्यांत १९७८ सालीं सांठवणीचा हक्क वरच्या जमिनीच्या मालकाचा ठरला. बहुतेक राज्यांचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. म्हणून आपलें घर कोणत्या राज्यांत आहे आणि खरेदीखतांत खनिजें कोणी राखून ठेवलीं आहेत काय, हें प्रथम पाहावें.

कंपनीच्या हातीं एक मोठें शस्त्र आहे, तेंही विसरूं नये. १९३८ च्या नैसर्गिक वायूच्या कायद्यांत १९४७ सालीं दुरुस्ती झाली. संघसरकारच्या आयोगाचें प्रमाणपत्र मिळविलेल्या कंपनीस, मालकानें संमति न दिल्यास, कोर्टामार्फत सक्तीनें हक्क संपादन करतां येतो. मात्र न्याय्य मोबदला द्यावाच लागतो. तो त्या राष्ट्राच्या घटनेंतील हक्क आहे. नकार म्हणजे सर्वनाश नव्हे आणि सही म्हणजे उपकारही नव्हे.

आतां माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट. त्याच्या घराचा पट्टा कित्येक दशकांपूर्वींचा, त्या वेळच्या शेतकऱ्यानें लिहून दिलेला. शेताचे प्लॉट पडले, घरें झालीं, मालक बदलले. पट्टा मात्र जमिनीबरोबर चालत आला. भाडें एकरामागें ठरलेलें, म्हणून पाव एकराच्या घरधन्यास चहापुरतेही पैसे येत नाहींत. वर आलेलें भाडें मुकाट्यानें घेणें, ही पट्टा चालू असल्याची कबुली मानली जाऊं शकते. म्हणून मीं त्याला पुढील गोष्टी लिहिल्या. कौंटीच्या दस्तनोंदणी कचेरींतून पट्ट्याची नक्कल काढ. त्याची मुदत कशानें संपते, तें पाहा. जमिनीवर विहीर किंवा नळ घालावयाचा झाल्यास निराळा मोबदला आहे काय आणि जुन्या विहिरी बुजविण्याची जबाबदारी कोणाची, हें वाच. शेजाऱ्यांना एकत्र कर आणि मग सर्वांनीं मिळून त्याच राज्यांतील वकिलाकडे जा.

जुन्या विहिरींचें कलम मीं उगाच घातलें नाहीं. कॅन्सस राज्यांतील हचिन्सन गांवीं जानेवारी २००१ मध्यें सुमारें ७ मैलांवरच्या सांठ्यांतून निसटलेला वायु विसरल्या गेलेल्या जुन्या विहिरींवाटे वर आला. स्फोट झाले आणि दोघांचा प्राण गेला.

श्रोतेहो, दोन डॉलरांचा तो चेक अजून माझ्या विद्यार्थ्याच्या खणांत आहे. गेल्या पत्रांत त्यानें लिहिलें, कीं आळींतील अकरा घरें एकत्र आलीं आहेत आणि सर्वांनीं आपापलीं खरेदीखतें प्रथमच शेवटपर्यंत वाचलीं. निकाल काय लागेल, तो लागो. पण आपल्या घराचा कागद आपण वाचला पाहिजे, हा धडा मात्र त्यांना मिळाला; आणि तो शिकण्यास अमेरिकेंतच घर असावें लागतें, असें नाहीं.