पोरं दमतात, रेणू दमत नाहीत

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग रसायनशास्त्राचा आहे, पण वही लागणार नाही. लागेल ते मैदान, वीसेक पोरं आणि मोबाईलमधला टायमर. तुम्ही अकरावीत असाल, नुकतेच शिकवायला लागला असाल किंवा शेजारच्या पोरांची शिकवणी घेत असाल, तर शेवटपर्यंत ऐका.

अकरावीत वायूंचा धडा येतो. बॉईलचा नियम, चार्ल्सचा नियम. सूत्र पाठ करा, आकडे घाला, उत्तर काढा. परीक्षा निघून जाते. मग विचारा, सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा खाली दाबला, तर बोटाला आतून नेमकं कोण ढकलतं? वर्ग गप्प. मराठी माध्यमातून आलेल्यांची तर दुहेरी पंचाईत. दहावीपर्यंत 'दाब' आणि 'आकारमान' होतं, अकरावीत एकदम प्रेशर आणि व्हॉल्यूम. डोक्यात असतं, पण तोंड उघडत नाही. मला हे खेळ आवडतात ते मुख्यतः यासाठी. मैदानावर कोणी इंग्रजी विचारत नाही.

तर पहिला खेळ. कबड्डीचं मैदान आखलेलं असेल तर उत्तम, नसेल तर फक्कीनं चौकोन आखा आणि मधोमध रेषा मारा. चार जण एका टोकाच्या रेषेवर तळहात पुढे करून उभे. ते झाले भिंत. बाकीचे २० जण रेणू. रेणूंनी एकाच चालीनं, सरळ रेषेत चालायचं. पळायचं नाही. समोर दुसरा रेणू आला की वळायचं, रेषा आली की वळायचं, आणि भिंतीवरची पोरं भेटली की त्यांच्या हातावर टाळी देऊन परत फिरायचं. भिंतीनं टाळ्या मोजायच्या. वेळ ३० सेकंद. ही टाळ्यांची संख्या म्हणजे आपला दाब.

आता सगळ्यांना मधल्या रेषेच्या अलीकडे घ्या, भिंतीच्या बाजूच्या अर्ध्यात. चाल तीच, वेळ तीच. टाळ्या साधारण दुप्पट होतात. जागा निम्मी, दाब दुप्पट, म्हणजे बॉईलचा नियम. बरोब्बर दुप्पट कधी येत नाही, म्हणून तीनदा करून सरासरी काढा. आपल्याकडे रेणू २० आहेत हो! एका साध्या श्वासातल्या अर्धा लिटर हवेत ते एकावर बावीस शून्यं इतके असतात. तिथं कमी-जास्त होतं ते आपोआप बुजून जातं.

इथंच थांबू नका. पोरांना विचारा, टाळ्या का वाढल्या? बहुतेक जण म्हणतील, 'गर्दी झाली, एकमेकांना ढकलायला लागलो.' पटण्यासारखं आहे, पण चूक आहे. ते तोंडानं सांगण्यापेक्षा सगळ्यांना बाहेर काढा आणि एकाच पोराला आत ठेवा. आधी पूर्ण मैदानात ३० सेकंद चालू द्या, मग अर्ध्यात. टाळ्या पुन्हा दुप्पट! आत गर्दीच नाही, ढकलायला कोणी नाही. फक्त भिंतीपर्यंतची फेरी निम्मी झाली. माझ्या मते अख्ख्या तासातलं हे सगळ्यात मोलाचं मिनिट. रॉबर्ट बॉईलनं १६६२ मध्ये पारा आणि वाकवलेली काचेची नळी घेऊन नियम मांडला, पण टाळ्यांचा हा हिशेब डॅनियल बर्नुलीनं १७३८ मध्ये केला. मध्ये पाऊणशे वर्षं गेली. तेव्हा एखाद्याला लगेच कळलं नाही तर त्याच्यावर ओरडू नका.

दुसरा भाग तापमानाचा. आता रेणूंनी दुप्पट वेगानं चालायचं. टाळ्या दुप्पट. मग दाबही दुप्पट? थांबा. भिंतीवरच्या पोरांना विचारा, हात कसे आहेत? लाल झालेत! टाळ्या दुप्पट वेळा आल्या आणि प्रत्येक टाळी दुप्पट जोरात बसली. दोन गुणिले दोन, दाब चौपट. आकारमान तेच, म्हणजे केल्व्हिनमधलं तापमानही चौपट. वेग दुप्पट करायला तापमान चौपट करावं लागतं, हे सूत्रातून पाठ करायला महिना जातो, हाताला मात्र लगेच कळतं.

मग कोडं घाला. २७ अंश सेल्सिअसवरून ५४ वर गेलो, तर चाल किती वाढवायची? 'दुप्पट!' असा गलका होतो. केल्व्हिनमध्ये बघा: ३०० वरून ३२७. दाब जेमतेम ९ टक्क्यांनी वाढला, वेग तर ४ टक्क्यांच्या आसपास. मैदानावर तो फरक दिसणारसुद्धा नाही. खरंच दुप्पट वेग हवा असेल तर १२०० केल्व्हिन लागतील, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस. परीक्षेत २७३ मिळवायचे विसरतात ना, त्याचं औषध हेच.

खेळात एक गंमत हमखास होते. दोन मैत्रिणी हात धरून चालतात, सोडतच नाहीत. त्यांना रागावू नका, त्यांनी पुढचा धडा आणलाय. आदर्श वायूच्या रेणूंना एकमेकांची ओढ नसते, खऱ्या वायूच्या रेणूंना असते. व्हॅन डर वाल्सनं १८७३ मध्ये समीकरणात तेच घातलं. ती ओढ नसती तर वायूचा द्रव झालाच नसता, आणि घरचा सिलिंडर हलवल्यावर आत जे डचमळतं ते डचमळलं नसतं.

वासाचा खेळ थोडक्यात सांगतो. एकाला 'अत्तर' करा, त्यानं गर्दीतून पलीकडे जायचं. प्रत्येक टकरीला समोरचा हात दाखवेल त्या दिशेला वळायचं. पोहोचता पोहोचत नाही बिचारा. हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं धावतात, पण दोन टकरींमधलं अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. खोलीत वास पटकन पसरतो तो बराचसा पंख्याच्या आणि झुळकेच्या जिवावर.

आता खेळ खोटं कुठं बोलतो, तेही पोरांना शोधायला लावा. पोरं दमतात, पाच मिनिटांत चाल मंदावते. बंद डब्यातले रेणू वर्षानुवर्षं टकरा देतात, तरी एकूण ऊर्जा घटत नाही. पोरं एकमेकांना बघून वाट बदलतात, रेणूला डोळे नाहीत. आणि पोरं फारच दाटीवाटीत असतात. हवेत दोन रेणूंमधलं अंतर रेणूच्या आकाराच्या साधारण दहापट, मध्ये काहीही नाही. 'मध्ये हवा असते' म्हणणारा एक जण निघतोच. त्याला विचारा, बाबा रे, हवा तर तूच आहेस ना?

मैदान नसेल किंवा पाऊस असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची फुकट सिम्युलेशन्स फोनच्या ब्राउझरमध्ये चालतात. त्यात वायूचा डबा आहे, भिंत सरकवा, तापवा, सगळं दिसतं. फक्त जमलं तर आधी मैदान, मग फोन. हात लाल झालेल्याला स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे आपणच, हे ओळखता येतं.

करून बघितलंत तर टाळ्यांचे आकडे व्हॉइस नोटवर पाठवा, पूर्ण मैदानाचे आणि अर्ध्याचे वेगवेगळे. एकट्या रेणूचेही. पुढच्या भागात ते सगळे एकत्र करून बघू किती जुळतात. चला, भेटू.