गावाजवळचं धरण पूर अडवतं का?

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आज थेट विषयाला हात घालतो. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला एखादा पाझर तलाव किंवा छोटं मातीचं धरण असेल. ते पूर अडवतं का? आणि ते स्वतः किती भक्कम आहे?

मी कोड लिहिणारा माणूस, धरणं बांधणारा नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या बफरसारखंच आहे. बफर रिकामा असेल तरच अचानक आलेला लोड पोटात घेतो. धरणाचंही तसंच. पूर अडवायचा तर आधी जागा रिकामी हवी.

फक्त पुरासाठी बांधलेली धरणं कशी असतात, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या ओहायोत आहे. मार्च 1913 मध्ये तिथल्या ग्रेट मायामी नदीच्या पुरात डेटन शहर बुडालं, त्या खोऱ्यात तीनशेहून जास्त माणसं गेली. मग 1922 पर्यंत तिथे पाच धरणं उभी राहिली. गंमत म्हणजे ती एरवी कोरडी असतात! तळाशी ठरावीक मापाची भोकं आहेत, दरवाजे नाहीत. रोजची नदी त्यातून आरामात जाते. पूर आला की भोकातून मावेल तेवढंच पाणी पुढे जातं, बाकीचं मागे तुंबतं आणि सावकाश उतरतं. मागच्या जमिनीवर एरवी शेती होते.

आपल्याकडची बहुतेक छोटी धरणं नेमकी उलट कामासाठी आहेत. सिंचन, पिण्याचं पाणी, विहिरींचा पाझर. ती भरलेलीच हवी असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती थोडा पूर पोटात घेतात. पण एकदा काठोकाठ भरली की वरून येणारं जवळपास सगळं पाणी सांडव्यावरून खाली जातं. तो त्यांचा दोष नाही, तेच त्यांचं काम आहे. फक्त ‘वर धरण आहे, आपल्याला काय भीती’ म्हणून ओढ्याच्या पात्रात घर बांधू नका.

आता दुसरा प्रश्न. मातीच्या धरणाला दोन मोठे धोके. एक, पाणी माथ्यावरून वाहणं. तसं झालं की भराव धुपत जातो आणि बघता बघता खिंडार पडतं. हे टाळायला सांडवा असतो. म्हणून सांडव्यात झुडपं माजली असतील, किंवा जास्त पाणी साठावं म्हणून कुणी त्यात पोती रचली असतील, तर तो धोका समजा. दुसरा धोका आतली गळती. थोडं स्वच्छ पाणी झिरपणं वेगळं, पण पाणी गढूळ येत असेल तर आतली माती वाहून चाललीय.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. मृत आणि बेपत्ता मिळून वीसहून जास्त माणसं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं! खेकडे बिळं करतात हे खरंच, पण ती वेळीच बघून बुजवायची कुणी?

2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. पण हा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधली काही अटींवरच येतात, उदाहरणार्थ साठा 10 लाख घनमीटर किंवा जास्त असेल तर. त्याहून बुटके गावतलाव आणि पाझर तलाव या कायद्याबाहेर राहतात. खाली वस्ती असली तरी.

म्हणून एक काम करा. जूनच्या आधी भिंतीवरून एक चक्कर मारा. सांडवा मोकळा आहे का, भेगा, बिळं, मोठी झाडं आहेत का, पायथ्याला ओल आहे का, ते बघा. दरवर्षी त्याच जागेवरून फोटो काढा, म्हणजे बदल दिसतो. काही खटकलं तर ग्रामपंचायतीत आणि तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐन पावसात गढूळ पाणी दिसलं तर मात्र अर्जाची वाट बघू नका. खालच्या वाडीला आधी हलवायला सांगा आणि 1077 वर जिल्हा आपत्ती कक्षाला फोन करा.

हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!